फोन त्यांच्याच हाती राहू द्या

व्यापारी घरांत शिक्षणाची एक जुनी रीत होती. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की शाळा सुटल्यावर त्याला पेढीवर बसवले जाई. तेथे त्याला कोणी धडे देत नसे. वडील हिशेब लिहीत, मुनीमजी खतावणी करीत आणि मुलगा ते पाहत राही. वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या सायंकाळी वडील त्याच्यापुढे वही सरकवीत आणि म्हणत, "आजची कीर्द तू लिही." मुलाची बेरीज चुकली तरी वडील वही ओढून घेत नसत. चूक त्यालाच शोधावी लागे. जमा-नावेचा मेळ बसेपर्यंत घरी ताटे वाढली जात नसत. त्या उशिराबद्दल घरातील बायका कुरकुरत, पण वही मुलाच्याच हातात राही. अशा रीतीने पिढ्यानुपिढ्या हिशेब एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

आता ज्ञानाचा ओघ बऱ्याच अंशी उलट्या दिशेने वाहतो आहे. नातवाला येते आणि आजोबा विचारतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. काळाचा तो स्वभावच आहे. मात्र ओघ उलटा फिरताना एक मोलाची गोष्ट वाटेत सांडून गेली. वही पुढे सरकवून शांतपणे वाट पाहण्याचा जो धीर वडिलांजवळ होता, तो नातवाजवळ उरलेला नाही. आजोबांनी काही विचारले की "द्या इकडे, मी करून देतो," असे म्हणून तो फोन हातातून घेतो, दोन बोटे फिरवतो आणि परत देतो. काम होते, शिकणे मात्र होत नाही.

या एका उणिवेची किंमत किती असू शकते, हे मराठवाड्यातील एका बाजारपेठेच्या गावी भरलेल्या छोट्याशा कार्यशाळेत उमगले. तेथील युवक मंडळाने आणि महिला मंडळाने मिळून २०२५ च्या दिवाळीनंतर चार रविवार नव्या तंत्रज्ञानाची ओळख करून देण्याचे ठरवले. कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी लाभपंचमी म्हणून दुकान उघडतो आणि त्याच तिथीला समाज ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांची पूजा करतो. ही तिथी उलटून गेल्यावरच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, समाजाच्या सभागृहात वर्ग भरू लागला. वर्गाला वयाची अट नव्हती. सर्वांत लहान विद्यार्थी अकरा वर्षांचा होता आणि सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थिनी ब्याऐंशी वर्षांच्या.

वयाची अट नसणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट होते, प्रत्येक कुटुंबातील एका व्यक्तीला वीस तासांचे प्रशिक्षण मिळणार होते आणि वयोमर्यादा होती १४ ते ६०. एवढ्या अवाढव्य देशात कोठेतरी रेघ ओढावीच लागते. परंतु त्या रेघेपलीकडे जे राहिले त्यांच्या हातीही फोन आहेच, बँकेत ठेवी आहेत आणि दुपारचा निवांत वेळही आहे. फसवणूक करणाऱ्याला याहून अधिक काय हवे? सरकारी योजनेची रेघ जेथे संपते, तेथून समाजाचे काम सुरू होते.

कार्यशाळेची सूत्रे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीकडे होती. तिच्या मदतीला आठ तरुण-तरुणी होते. पहिल्याच दिवशी तिने फळ्यावर एकच नियम लिहिला : शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. समजावून सांगा, बोटाने दाखवा, दहादा सांगावे लागले तर दहादा सांगा. पण फोन त्यांच्याच हाती राहू द्या. मोह आवरत नसेल तर हात पाठीमागे बांधून उभे राहा. तरुण मंडळी हसली. अर्ध्या तासात त्यांना कळून चुकले की नियम हसण्यासारखा नाही. ज्या कामाला आपल्याला चार क्षण लागतात, त्या कामाला समोरच्याची थरथरती बोटे चार मिनिटे घेत असताना गप्प उभे राहणे ही एक कसोटीच असते.

पहिल्या रविवारी फार काही शिकवले गेले नाही. अक्षरांचा आकार मोठा कसा करावा, फोनला कुलूप कसे लावावे, न लिहिता नुसते मराठीत बोलून संदेश कसा पाठवावा, एवढेच. तरीही शेवटची गोष्ट जमली तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या त्या आजींनी सांगलीला राहणाऱ्या बहिणीला स्वतः बोलून पहिला निरोप धाडला. त्यात त्यांनी प्रकृतीची चौकशी केली, लोणच्याचा उल्लेख केला आणि शेवटी, "हे मी कुणाच्या मदतीशिवाय पाठवते आहे," असे आवर्जून सांगितले. तोही शब्द यंत्राने इमानेइतबारे लिहून घेतला.

सभागृहाच्या मागच्या रांगेत भिंतीला टेकून एक गृहस्थ बसले होते. वय चौऱ्याहत्तर. सारी पेठ त्यांना काकाजी म्हणते. किराण्याच्या घाऊक व्यापारात त्यांनी पन्नास वर्षे काढली. आता दुकान मुलाकडे आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी त्यांना आजही मुखोद्गत आहेत आणि बिलाची बेरीज ते गणकयंत्राच्या आधी सांगतात. पेठेत उधारीवरून दोघांत वाद झाला तर दोन्ही पक्ष त्यांच्याकडे जात आणि ते वही पाहून जे सांगतील ते मान्य करीत. असा हा माणूस त्या रविवारी तोंडातून अवाक्षर न काढता बसला होता. त्यांचा नातू सनदी लेखापालाच्या कार्यालयात उमेदवारी करतो. मदतनिसांपैकी तोही एक. तो जवळ आला तेव्हा काकाजी म्हणाले, "मला काय करायचंय हे शिकून? तू आहेस ना." नातवाला ते कौतुक वाटले.

दुसऱ्या रविवारी फोनवरून पैसे देण्याघेण्याचा विषय होता. यू.पी.आय. ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील तिच्यावरील व्यवहारांची संख्या प्रथमच २,००० कोटींच्या पुढे गेली. मुलगी हे सांगत होती, पण मागच्या रांगेतील चेहऱ्यांवर काही उमटत नव्हते. तिने मग सर्वांत महत्त्वाचा नियम सांगितला : गुप्त अंक टाकावा लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी तो कधीही टाकावा लागत नाही. "पैसे मिळण्यासाठी पिन टाका," असे कोणी म्हटले की तो चोर आहे असे समजावे.

यावर मागून प्रथमच काकाजींचा आवाज आला. "हे हुंडीसारखंच झालं, बेटा."

वर्गातील निम्म्या लोकांना हुंडी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. काकाजी उठून पुढे आले. त्यांच्या आजोबांच्या काळी व्यापारी रोकड घेऊन प्रवास करीत नसत. एका गावच्या पेढीवर पैसे भरून हुंडी घ्यायची आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर ती दाखवून पैसे उचलायचे. दाखवताक्षणी जिचे पैसे मिळत ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या मुदतीनंतर जिचे मिळत ती मुदती. हुंडीत खाडाखोड होऊ नये म्हणून रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत, शिवाय तिची निमी रक्कम लिहून तिची दुप्पट असाही उल्लेख करीत. शहाजोग हुंडीचे पैसे तर केवळ पेठेतील प्रतिष्ठित माणसालाच दिले जात. म्हणजे घेणारा कोण, ही चौकशी पैसे देणाऱ्याने करायची. हा व्यवहार इतका रुजलेला होता की चलनक्षम दस्तऐवजांचा १८८१ चा कायदा करताना इंग्रज सरकारनेही देशी भाषांतील अशा कागदांबाबतचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले.

"तुमची ही दर्शनी हुंडीच आहे," काकाजी म्हणाले. "फक्त आमच्या वेळी पैसे देण्यापूर्वी माणूस बघायचे. आता नाव बघायचं. पडद्यावर नाव येतं ना, ते वाचल्याशिवाय अंक टाकायचा नाही."

मुलीने ते वाक्य तसेच्या तसे फळ्यावर लिहिले. त्यानंतर वर्गाचे रूप पालटले. जी मंडळी आजवर स्वतःला अडाणी समजून मागे बसली होती, त्यांच्या ध्यानात आले की हा विषय त्यांचाच आहे. यंत्र नवे आहे. पत, साक्ष, ओळख आणि मेळ या गोष्टी मात्र त्यांच्याच ओळखीच्या आहेत. तरुणांनाही उमगले की आपल्याला बटणे ठाऊक आहेत, व्यवहार यांना ठाऊक आहे.

तिसऱ्या रविवारी फसवणुकीचा विषय निघाला. 'डिजिटल अटक' या प्रकाराची माहिती मुलगी देत होती. फोन येतो, पलीकडचा माणूस स्वतःला पोलीस, सीमाशुल्क वा तपास यंत्रणेचा अधिकारी म्हणवतो. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत किंवा तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशांचे खाते उघडले गेले आहे, असे सांगतो. मग चित्रफोनवर गणवेशातील माणूस दिसतो, मागे कचेरी दिसते. खोलीबाहेर जायचे नाही, फोन बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचे नाही, अशी तंबी मिळते. शेवटी 'पडताळणीसाठी' पैसे मागितले जातात. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट नाही. कोणतीही तपास यंत्रणा फोनवर अटक करीत नाही आणि फोनवरून पैसे मागत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरील आपल्या भाषणात याविषयी देशाला सावध केले होते : थांबा, विचार करा, मग कृती करा.

"तुमच्यापैकी कोणाला असा फोन आला आहे का?" तिने सहज विचारले.

कोणी काही बोलले नाही. पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग काकाजींनी हात वर केला.

"आला होता. आणि मी पैसे दिले."

सभागृहात बसलेल्या त्यांच्या मुलाने मान वळवून पाहिले. खिडकीपाशी उभा असलेला नातू जागीच थबकला. घरातील कोणालाही हे ठाऊक नव्हते.

काकाजींनी जे सांगितले ते असे. २०२४ च्या पावसाळ्यात, चातुर्मास नुकताच बसला होता तेव्हा, एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फोन आला. पार्सल, अमली पदार्थ, आधार क्रमांक. मुलीने आता सांगितले तेच सारे. ज्याच्या शब्दावर पेठेतील वाद मिटत, त्याला त्या गणवेशापुढे घाम फुटला. अटकेचे भय होतेच. पण खरे भय निराळे होते. दारात पोलिसांची गाडी उभी राहील, पेठ पाहील, पन्नास वर्षांची पत एका सकाळी जाईल, हे ते भय. कोणाला सांगायचे नाही, अशी अट होती. म्हणून त्यांनी कागदावर 'आज मौन' असे लिहून सूनबाईंना दाखवले आणि वरच्या खोलीचे दार लावून घेतले. घराने त्या मौनाचा मान राखला. दुपारपर्यंत कोणी दार वाजवले नाही.

पैसे फोनवरूनच पाठवायचे होते. काकाजींना ते येत नव्हते. नातवाने ॲप बसवून दिले होते, गुप्त अंक डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता, पण प्रत्येक वेळी व्यवहार तोच करून देत असे. त्यांनी त्या माणसाला तसे सांगितले.

"मग त्यानं मला शिकवलं," काकाजी म्हणाले. "कुठलं चिन्ह दाबायचं, क्रमांक कुठं लिहायचा, रक्कम कुठं टाकायची. मी दोनदा चुकलो. तो म्हणाला, काही हरकत नाही बाबूजी, सावकाश करा. पाऊण तास लागला. एकदाही चिडला नाही." ते क्षणभर थांबले. "आधी पन्नास हजार गेले, मग चाळीस हजार. नव्वद हजारांचं काय ते होतं. पण मला फोनवरून पैसे पाठवायला या जगात धीरानं शिकवलं, ते एका चोरानं. दुसऱ्या कुणी नाही."

एवढे बोलून ते खाली बसले. आवाजात राग नव्हता. घरच्यांवर ठपका ठेवण्याचा हेतूही नव्हता. वस्तुस्थिती वहीत जशी नोंदवावी तशी त्यांनी ती नोंदवली होती. त्यामुळेच ती ऐकणाऱ्यांच्या अधिक जिव्हारी लागली.

ती गोष्ट त्यांनी पंधरा महिने पोटात ठेवली होती. पंतप्रधानांचे ते भाषणही त्यांनी दुकानात बसून ऐकले होते. आपण एकटेच फसलो नाही हे तेव्हा कळले. तरी बोलण्याचे धैर्य झाले नाही. "आता तुमच्याकडून व्यवहार होत नाहीत, पासबुक आमच्याकडे द्या," असे कोणी म्हणेल, हे त्यांचे भय होते. ते निराधार होते असे कोणत्या घराने म्हणावे?

त्या दिवशीचा पुढील पाठ मुलीने बाजूला ठेवला आणि उशीर किती महाग पडतो हे समजावून सांगितले. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार करण्यासाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार नोंदताच रक्कम ज्या ज्या खात्यांतून पुढे सरकत असते त्या बँकांना सूचना जाते आणि जी रक्कम अद्याप काढली गेलेली नाही ती रोखता येते. चोर मात्र काही तासांत एका खात्यातून दहा खात्यांत पैसे पसरवतो. म्हणून पहिला तास सर्वांत मोलाचा. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रकही वेळेचेच महत्त्व सांगते. ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना त्रयस्थाने खात्यातून रक्कम काढली आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर तोटा ग्राहकावर येत नाही. ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्यातील प्रत्येक तास किमतीचा आहे. लाजेपायी गप्प बसणारा माणूस चोराला हवा असलेला तोच वेळ विनामोल देत असतो.

काकाजींचे बोलणे संपल्यावर महिला मंडळातील एक काकू उठल्या. त्यांचेही चार हजार गेले होते, वीज तोडली जाईल अशा खोट्या संदेशापायी. त्यानंतर एक तरुण कापड व्यापारी उठला. तो वाणिज्य पदवीधर, वय अवघे एकतीस, आणि नोकरीच्या आमिषाला किंवा धाकाला तो भुललेला नव्हता. समभागांत दुप्पट नफा देऊ करणाऱ्या एका समूहात त्याने दीड लाख गमावले होते आणि पत्नीला ते आजच कळत होते. दुपारी एक वाजता वर्ग सुटायचा. त्या दिवशी तो अडीचला सुटला. फसणे ही केवळ म्हाताऱ्यांची गोष्ट आहे, हा तरुणांचा समज त्या दीड तासात गळून पडला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नातू आजोबांबरोबर पोलीस ठाण्यात गेला. तक्रार नोंदवली गेली. पंधरा महिन्यांनंतर नव्वद हजार परत येण्याची आशा कोणालाच नव्हती आणि ते आलेही नाहीत. तरी काकाजींनी तक्रारीची पोच नीट घडी करून डायरीत ठेवली. नोंद झाली पाहिजे, एवढेच ते म्हणाले. परतीच्या वाटेवर नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "दादाजी, तुम्ही मला का नाही सांगितलंत?" काकाजी म्हणाले, "तू घाईत होतास."

चौथा रविवार कृत्रिम बुद्धिमत्तेचा होता. २०२२ च्या नोव्हेंबर अखेरीस चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून माणसासारखे लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या यंत्रांची चर्चा घरोघरी पोहोचली. या दिवशी मुलांची गर्दी अधिक होती. त्यांना वाटत होते की हा विषय तरी निर्विवाद आपला. पापड-मसाल्यांचा गृहोद्योग चालवणाऱ्या एका भगिनीने आपल्या मालाची माहिती फोनला मराठीत सांगितली आणि ग्राहकांना धाडण्याचे सुबक पत्रक मिनिटभरात तयार झाले. टाळ्या झाल्या. मग अकरा वर्षांच्या मुलाने, दुकानाची भाषा लहानपणापासून कानी पडत असल्यामुळे, यंत्राला विचारले : तुपावर जी.एस.टी. किती?

उत्तर आले, १२ टक्के. खाली दोन परिच्छेदांचे सुंदर स्पष्टीकरणही होते.

"चूक," मागून काकाजी म्हणाले. "२२ सप्टेंबरपासून ५ टक्के झालाय. बदामाचंही तसंच. आमच्या दुकानात सगळ्या भावपट्ट्या बदलल्या."

मुलांना धक्का बसला. एवढे अस्खलित लिहिणारे यंत्र चुकते कसे? मुलीने समजावले. ही यंत्रे प्रचंड प्रमाणात मजकूर वाचून तयार होतात आणि वाचलेल्याच्या आधारे पुढचा शब्द कोणता संभवतो याचा अंदाज बांधत उत्तर रचतात. एका विशिष्ट तारखेपर्यंतचा मजकूर वाचून त्यांचे शिक्षण थांबलेले असते. त्यानंतरचे त्यांना, ताजी माहिती शोधण्याची सोय जोडलेली नसेल तर, ठाऊक नसते. आणि ठाऊक नसले तरी भाषेतील आत्मविश्वास तसूभरही कमी होत नाही.

"म्हणजे याची वही जुनी आहे," काकाजी म्हणाले. "लिहिणारा हुशार आहे, अक्षर सुरेख आहे, पण वही मागच्या वर्षाची. अशा मुनीमजीला ठेवायला हरकत नाही. फक्त त्याचा हिशेब रोज तपासायचा."

त्या दिवशी आणखी दोन गोष्टी ठरल्या. पहिली, ग्राहकांच्या उधारीच्या याद्या, आधार वा पॅन कार्डाची छायाचित्रे, बँकेचे तपशील अशा यंत्राला द्यायचे नाहीत. पेढीची वही कोणी परक्याच्या दुकानात नेऊन ठेवत नाही. दुसरी गोष्ट आवाजाविषयीची. आता थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. रडवेल्या आवाजात नातू पैसे मागत आहे असे वाटेल आणि तो नातू नसेलच. म्हणून प्रत्येक कुटुंबाने घरातल्या घरात खुणेचा एक शब्द ठरवावा आणि अडचणीच्या फोनवर तो विचारावा. तो शब्द फोनमध्ये लिहून ठेवू नये, एवढेच पथ्य. सभागृहात लगेच कुजबुज सुरू झाली. आजी-आजोबा, सुना, नातवंडे डोकी जवळ आणून आपापला शब्द ठरवू लागली. अशी एकत्र बसलेली कुटुंबे त्या सभागृहाने लग्नकार्याखेरीज क्वचितच पाहिली असतील.

अशा कार्यशाळेला फार साधने लागत नाहीत. सभागृह प्रत्येक गावी आहे. फळा आहे. शिकलेली मुले-मुली प्रत्येक घरात आहेत. बँकेत वा कर-सल्ल्याच्या व्यवसायात असलेला एखादा समाजबांधव शंका निरसनासाठी दोन तास आनंदाने देईल. अडचण येते ती धीराची, आणि तो बाहेरून आणता येत नाही. म्हणून त्या मुलीने फळ्यावर लिहिलेला एकच नियम प्रत्येक मंडळाने जसाच्या तसा उचलावा. बाकीचा अभ्यासक्रम गावागणिक बदलला तरी चालेल. ज्येष्ठांना मागच्या रांगेतून पुढे आणावे ते केवळ विद्यार्थी म्हणून नव्हे. व्यवहारातील खरे-खोटे पारखण्याची त्यांची नजर तरुणांच्या उपयोगाची आहे. ती वर्गात बोलती झाली पाहिजे. आणि कोणी फसल्याचे सांगितले तर पहिला प्रश्न "असे कसे केलेत?" हा नसावा. "किती वाजता?" हा असावा, म्हणजे लगोलग १९३० ला फोन लावता येईल.

काकाजींच्या घरी त्यानंतरच्या एका सायंकाळी घडलेली गोष्ट. काकाजींच्या पत्नीला हैदराबादला दिलेल्या लेकीशी चित्रफोनवर बोलायचे होते. आजवर नातूच तो लावून देत असे. त्या दिवशी तो शेजारी येऊन बसला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. आजीने चुकीचे चिन्ह दाबले. छायाचित्रांचा साठा उघडला. त्यातली जुनी छायाचित्रे पाहण्यात पाच मिनिटे गेली. मग दुसऱ्याच कोणाला फोन लागला, तो घाईने बंद झाला. स्वयंपाकघरातून सूनबाईंनी दोनदा हाक मारली. नातवाचे हात एकदा पुढे आले आणि पुन्हा मागे गेले. काकाजी समोर बसून हे सारे पाहत होते. मध्ये बोलले नाहीत.

अखेर पडद्यावर लेकीचा चेहरा आला. "आई, आज तू लावलास?" पलीकडून प्रश्न आला. आजीने नुसते नातवाकडे पाहिले. ताटे वाढून झाली होती. त्या रात्री घरात जेवायला उशीर झाला.